खणखणीत आवाजाचा शेरा

इतिहासाच्या बाई आमच्या शाळेत एकोणीस वर्षं आहेत. त्यातली अकरा वर्षं मी त्यांचा मुख्याध्यापक आहे, आणि या अकरा वर्षांत मी त्यांच्या वर्गात एकदाही बसलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, नंतर जीभ रेटणार नाही.

नियम असा, की मुख्याध्यापकानं प्रत्येक शिक्षकाचा पाठ वर्षातून दोनदा शेवटच्या बाकावर बसून पाहायचा आणि लॉगबुकात शेरा लिहायचा. मी केबिनमध्ये बसून लिहायचो. गेल्या वर्षीचं पान उघडायचं, तारीख बदलायची. एका चहात सहा शिक्षक उरकायचे. बाईंचा शेरा तर तोंडपाठ होता: 'आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.' आणि बाहेरच्या शाळांत नेतृत्वावर व्याख्यानं झोडायला कोण जायचं? मीच. हसा, खुशाल हसा.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा घसा बसायला लागला. रोजचे सहा तास तीनवर आणा, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी संस्थेकडे अर्ज केला. तो माझ्या हातात देताना म्हणाल्या, "सर, एकदा वर्गात येऊन बघा ना. मग तुम्हीच सांगाल त्यांना."

"येतो येतो, बाई. या आठवड्यात नक्की."

तो आठवडा काही उजाडला नाही. संस्थेनं लॉगबुक मागवलं, मी पाठवून दिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं: मुख्याध्यापकांच्या ताज्या निरीक्षणानुसार आवाज खणखणीत आहे, सबब विनंती अमान्य. तो कागद मी तेव्हा न वाचताच शिपायाकरवी बाईंकडे धाडला. बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही.

यंदा शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांनी काडी टाकली. "बाईंच्या तासाला चिडीचूप असतं हो. पोरं झोपतात की काय?"

मी तावातावानं उठलो. म्हटलं, आज पकडतोच.

वर्गात कुणी झोपलं नव्हतं. चाळीस मुलं पुढे झुकून बसली होती. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मुलं पाळीपाळीनं ते वाचून दाखवत होती. मधेच बाई काहीतरी बोलल्या. सायकलच्या चाकातून हवा जावी तेवढाच आवाज आला. मी शेवटच्या बाकावर टेकलो. शेजारची मुलगी सरकली आणि हळूच म्हणाली, "सर, इथून नाही ऐकू येत. पुढे बसा."

मी उठलो आणि पुढे जाऊन बसलो.

बाईंचे यजमान औषधाच्या दुकानात काम करतात. त्यांच्याकडून नंतर कळलं, की सहा तासांना आवाज पुरावा म्हणून बाई घरी तोंडच उघडत नाहीत. सगळं वहीवर लिहून. लेक चिडवते, "आई, किती मोठ्यानं लिहितेस!"

तास संपल्यावर मी विचारलं, "बाई, दर वर्षी शेऱ्याखाली सही करता. वाचत होतात ना?"

त्यांनी मान डोलावली. मग कसंबसं म्हणाल्या, "वाटायचं, पुढच्या वर्षी याल."

त्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं: 'नजरचुकीने लॉगबुकात चुकीची नोंद झाली आहे. बाईंचे तास तातडीने निम्मे करावेत.' खुर्ची वाचेल असा शब्द मी शोधून शोधून घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, पोरांच्या वहीत करतात तसा पहिल्याच शब्दाभोवती गोल केला आणि कागद परत दिला.

एवढ्या वर्षांत माझा गृहपाठ कुणी तपासला नव्हता. तिथेच उभ्या उभ्या दुसरा कागद घेतला, तासांची विनंती तशीच ठेवली आणि वर लिहिलं: 'मी वर्गात गेलोच नव्हतो. अकरा वर्षांत, कुणाच्याच.'

बाईंनी तो वाचला. बरोबरची खूण केली नाही. घडी घालून पाकिटात ठेवला आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी खडू उचलला आणि वर्गावर गेल्या. संस्थेचं उत्तर येईपर्यंत तास सहाच होते.