विमानात बसलेला मिस्त्री

परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक मिस्त्री होता. मी शेजारच्या शाळेत मास्तर, त्यामुळे रोज गाठ पडायची. इंजिन बिघडलं की तो आधी डोळे मिटून आवाज ऐकायचा. कुणी घाई केली तर एवढंच म्हणायचा, "जल्दी न्हाई." मला तो जरा घमेंडखोर वाटायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मुंबईहून हैदराबादला निघालेलं एक छोटं खासगी विमान गावाबाहेरच्या पडीक रानात उतरलं. पेट्रोलची नळी तडकली होती. वैमानिक कराचीहून मुंबई, हैदराबाद असं करत मद्रासला एकटाच निघाला होता. आता प्रवास इथंच संपला, असं समजून तो पंखाच्या सावलीत बसून राहिला. मिस्त्रीनं नळी जिनिंगमध्ये नेऊन झाळून सांधली आणि परत बसवली. इंजिन सुरू झालं, तरी वैमानिकाला धीर होईना.

"वर गेल्यावर सुटली तर?" त्यानं हिंदुस्तानीत विचारलं.

मिस्त्रीनं हात पुसले. "मंग मीबी येतो, साहेब. काम माझं हाये."

आम्ही नको नको म्हणेपर्यंत तो पुढच्या रिकाम्या जागेवर बसलासुद्धा. विमान धुरळा उडवत धावलं आणि उचललं. गावावरून जाताना त्यानं फेटा सोडून हलवला, तेव्हा मी मास्तरपण विसरून ओरडत खालून धावत होतो.

तिसऱ्या दिवशी तो हैदराबादहून रेल्वेनं आला. स्टेशनात सारं गाव लोटलं होतं.

"भेव न्हाई वाटलं?" मी हार घालता घालता विचारलं.

"लई वाटलं, मास्तर. पण त्येलाबी वाटून राह्यलं होतं. एकट्याला कसं धाडावं?"