गिरणीच्या गावाला आम्ही पीठ नेलं

दरड कोसळल्यावर भोरच्या पुढची एक वाडी उठून पुण्यात विश्रांतवाडीला भाड्याच्या खोल्यांत आली. आता पठारावर नवी घरं तयार आहेत, पण मोजकीच उघडलीत. जवळपास गिरणी नाही, मग राहायचं कसं? जुनी गिरणी दरडीखाली गेली. ती चालवणाऱ्या संगीताताई आणि त्यांचे यजमान मिलिंद परत निघाले, तेव्हा आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीने त्यांना नवी गिरणी घेऊन दिली. अर्थात बॅनर आधी छापून झालं होतं.

निघताना त्यांच्या विश्रांतवाडीतल्या शेजारी, वाडीतल्याच इंदूबाई म्हणाल्या, "गिरणी चालली तर आम्हीबी येऊ. न्हाय चालली तर तुमीच माघारी याल."

शनिवारी गिरणीच्या टेम्पोमागे मी गाडी काढली. भोरला मिसळ जरूर खा. ऐंशी रुपयांत दोनदा रस्सा वाढतात, पुण्यात तेवढ्यात नुसता अपमान मिळतो. पुढचा घाट सुंदर आहे, कंबर शाबूत असेल तर.

पोचल्यावर मिलिंद गिरणी बसवू लागले आणि आमचे सेक्रेटरी बॅनरपुढे उभे राहून, फोटो काढून घेत, घरटी तयार पिठाच्या पिशव्या वाटू लागले.

"अहो, ह्ये काय वाटताय?" संगीताताईंनी विचारलं.

"पीठ! दोन महिने कुणाला चिंता नको."

"त्यांना न्हाय, पण मला हाय की! दोन महिनं माझ्याकडं दळायला कोण येणार?"

सेक्रेटरी म्हणाले, "हा मुद्दा सभेत निघाला नव्हता."

मग दारोदार जाऊन आम्ही पिशव्या परत मागितल्या. एका आजोबांनी विचारलं, "फोटूबी माघारी घेणार का?" इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पण संध्याकाळी गिरणी घरघरली आणि दारात डब्यांची रांग लागली. रांग तशी लहानच, चार डब्यांची.

जाणार असाल तर पीठ नेऊ नका, धान्य न्या.

परतताना गिरणी चालू झाल्याचा निरोप द्यायला विश्रांतवाडीला थांबलो. गाडीतल्या पिशव्या बघून इंदूबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग आत जाऊन बाजरीने भरलेला डबा आणला, झाकणावर लाल रंगात नाव.

"रांगेत लावा म्हनावं. पीठ न्यायला मी येतेय, बिऱ्हाड घेऊन."

पिशव्या सोसायटीच्या ऑफिसात पडून आहेत. डबा माझ्या गाडीत पुढच्या सीटवर आहे, पट्टा लावून. उद्या पहाटेच निघतोय.