वालाच्या पानातला दुसरा पट्टा

नव्वदच्या सुमारास ठाण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी पीएच.डी. करत होतो. मी डोंबिवलीहून यायचे, ती वर्तकनगरहून. पेशीतला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ती हिस्टोन प्रथिनं हा आमचा विषय. वाल रुजवून रोपं वाढवायची, मुळांची टोकं आणि जून पानं खलात वेगवेगळी वाटायची, त्यांतली हिस्टोन जेलच्या पातळ थरात विजेच्या प्रवाहाने सरकवून त्यांचे वेगवेगळे होणारे पट्टे बघायचे.

मुळांच्या टोकांत पेशी सारख्या विभागत असतात. तिथे एका हिस्टोनचा पट्टा ठळक यायचा. जून पानात मात्र त्याच्या शेजारचा दुसरा पट्टा गडद व्हायचा.

"अगं, पानाच्या पेशी आता विभागत नाहीत, पण त्यांची जनुकं कामात आहेत," ती म्हणाली. "चालू जनुकांवरचं हिस्टोन निघून तिथे हा थोडा वेगळा प्रकार बसत असणार."

आमच्या मार्गदर्शक सरांना पटलं नाही. "पानातल्या एन्झाइमनी प्रथिन तुटलं असेल, हा त्याचाच तुकडा. ते थांबवणारं रसायन घालून प्रयोग परत करा."

म्हणणं रास्त होतं. पण रसायन परदेशातून मागवावं लागणार होतं. ते यायच्या आत तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भावंडं शिकत होती. तिने शाळेत नोकरी धरली. "रसायन आलं की कळव हं," एवढंच म्हणून गेली.

ते आलं तेव्हा पावसाळा सरला होता. मी प्रयोग केला. दुसरा पट्टा होता तिथेच होता. सरांनी जेल उजेडासमोर धरून पाहिलं. "तिला बोलवा," म्हणाले. त्याच आठवड्यात लायब्ररीत नवीन जर्नल आलं. दुसऱ्या एका रोपात कुणाला तरी हेच दिसलं होतं.

मी तिच्या घरी गेले. ती वडिलांना भात भरवत होती. मी सगळं सांगितलं, छापून आलेलंही.

"म्हणजे तुटलेलं नव्हतं?"

"नव्हतं. परत ये ना. पान वाढताना हा बदल नक्की कधी होतो, ते कुणी बघितलेलं नाही अजून."

ती कसनुसं हसली. "सकाळी शाळा, दुपारी बाबा. कधी येऊ, सांग?"



पुढचं काम मी एकटीने केलं, प्रबंधही झाला. पण पट्ट्यांचा अर्थ लावायची नजर तिची होती. माझी मैत्रीण प्रयोगशाळेत राहायला हवी होती, असं मला अजून वाटतं.