उजवं की डावं

उल्का साबळे मूळची अकोल्याची. नवरा नरेश लष्करात, म्हणून २००२ साली पंचकुल्यात राहायला आली आणि चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत कंत्राटी नोकरीला लागली. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. होतीच. रुग्णाने स्कॅनरमध्ये पडून मनातल्या मनात शब्द आठवायचे. त्या वेळी मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, ते उल्का संगणकावर काढून द्यायची. बोलण्याचा भाग चुकून कापला जाऊ नये म्हणून सर्जनला ते चित्र लागे.

विभागप्रमुख डॉ. शिशिर भागवत नाशिकचे. उल्काला ते ताई म्हणत, रोज आपल्या गाडीतून घरी सोडत. परक्या गावात तिला तो मोठा आधार होता.

पुढच्या वर्षी त्यांनी ही चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. परदेशातले सहकारी नव्या आवृत्तीवर गेले होते.

"महिनाभर दोन्ही चालवून ताडून बघू या," उल्का म्हणाली.

"वेळ कुठाय, ताई? तुम्ही पटकन शिकाल."

ती शिकली. जुन्या आज्ञा चालेनात, फायली उघडेनात. सगळं तिने नव्याने लिहून काढलं.

मग एका शिक्षकाचं चित्र आलं. बहुतेकांचा डावीकडे असतो तो बोलण्याचा भाग चक्क उजवीकडे! सर्जनला शंका आली, त्याने ऑपरेशन पुढे ढकललं. शोधल्यावर कळलं, नवी आवृत्ती डावं-उजवं वेगळ्या पद्धतीने वाचत होती आणि एक सेटिंग बदलायचं राहिलं होतं.

बैठकीत शिशिर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम अभी पुराने तरीके से निकली नहीं हैं."

उल्का खाली मान घालून बसली. चूक आपलीच, असं तिला खरंच वाटलं.

गाडीत मात्र ते सहज बोलून गेले, "त्या सेटिंगचं तिकडच्यांनी मला फोनवर बजावलं होतं हो. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"माझं प्रमोशन अडकलंय, ताई. तुमचं काय, नरेशरावांची आज ना उद्या बदली होणारच."

तिने गाडी थांबवायला लावली आणि रिक्षाने घरी गेली.

"सोडून दे नोकरी," नरेश म्हणाला. पण नव्या आवृत्तीवर काढलेली बाकीची चित्रं चुकीची असणार, आणि त्यातल्या काही रुग्णांची ऑपरेशनं जवळ आली होती. ती सगळी तिने दुरुस्त केली. यापुढे स्कॅनच्या वेळी रुग्णाच्या उजव्या कानशिलावर कॉडलिव्हर तेलाची गोळी चिकटवायची, असंही तिने ठरवून दिलं. चित्रात गोळी पांढरी उमटायची, बाजू लगेच कळायची.

करार संपला तेव्हा तिने तो वाढवून घेतला नाही. निरोपाच्या चहाला शिशिरांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. त्यातलं एक अक्षरही तिला खरं वाटलं नाही.