लहानी, मोठी आणि दुकानाचं शटर

सायकल मला हवी होती, चालवणार मी होते आणि गुडघाही माझाच दुखत होता. तरीही ती कोणती घ्यावी हे माझ्याखेरीज सगळ्या गल्लीला पक्कं ठाऊक होतं. आमच्या बुलढाण्यात कुणी काही नवीन घेणार असं कळलं की लोक आधी सल्ला देतात आणि मग वस्तू कोणती ते विचारतात.

मी शाळेत शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे. रविवारी उजाडायच्या आत सायकल काढून राजूर घाटाकडे जायचं, रस्ता सोडून सागातल्या जुन्या गाडीवाटेनं खाली उतरायचं, पायथ्याच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि घाटाच्या डांबरी रस्त्यानं धापा टाकत वर यायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. सुरुवातीला लोक हसले, मग कंटाळले. आठवड्याचे सहा दिवस मी कुणाची तरी मॅडम, कुणाची वहिनी, कुणाची मामी असते. रविवारी सकाळी मी कुणाचीच कुणी नसते आणि मला ते फार आवडतं.

मग गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, पण चढावर जोर लावू नका. म्हणजे पोळी खा, पण चावू नका. मी नुसता उतार उतरत राहिले आणि वर आणायला आमचे हे पिकअप घेऊन येऊ लागले. पायथ्याच्या टपरीवर बाकड्यावर बसून मी यांची वाट पाहायची. टपरीवाला विचारायचा, साहेब निघाले का? सायकल मागच्या हौद्यात, मी पुढच्या सीटवर, आणि घाटभर हे मला अस्वलाच्या बातम्या सांगायचे. असे काही रविवार काढले आणि मी जाणंच बंद केलं. पार्सलसारखं कुणीतरी उचलून आणायचं असेल तर घरी बसलेलं काय वाईट?

मोटरच्या माउंटन सायकलीचं तेव्हा कळलं. पायडल आपणच मारायचं, मोटर नुसती हातभार लावते. हे ऐकून मला इतका आनंद झाला की पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाजच आला नाही. कारण त्यात दोन जाती निघाल्या. एक हलकी: मोटर बारकी, बॅटरी बारकी आणि तीसुद्धा सांगाड्याच्या आत बंद, पण वजन असं की माझ्यासारखी बाई खांद्यावर घेऊन जिना चढेल. दुसरी पूर्ण ताकदीची: मोटर दणकट, बॅटरी मोठी आणि काढून घरात नेता येणारी, पण वजन गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं.

आता आमच्या यांच्याविषयी सांगायलाच हवं. यांचं पाण्याच्या मोटारपंपांचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. शेतकरी तीन हॉर्सपॉवरची मोटर मागायला आला की हे त्याला पाचची देतात. पाचची मागितली तर साडेसातची. व्होल्टेज कमी असतं, उन्हाळ्यात विहीर खाली जाते, जास्तीची ताकद कधी वाया जात नाही, हे त्यांचं म्हणणं मी लग्न झाल्यापासून जिन्यात ऐकत आले आहे. आमच्या भागात सगळेच असं करतात आणि मग उन्हाळ्यात सगळ्यांच्या विहिरी लवकर तळाला जातात. त्यामुळे सायकलीचं कानावर घालताच यांनी डोळे मिटून निकाल दिला: मोठी घे.

मी म्हटलं, जिना पाहिलात का आपला? आमचा जिना बाहेरून जातो, अरुंद आहे आणि मधे असं वळण आहे की फ्रिज चढवताना चार माणसं एकमेकांवर ओरडली होती. हे म्हणाले, ते पाहू.

संभाजीनगरच्या एका दुकानदाराची यांच्याशी ओळख निघाली. ओळख निघणं ही आमच्याकडे सरकारी परवान्याहून मोठी गोष्ट. दोन्ही सायकली न्या, चालवा, एक ठेवा, एक परत पाठवा, असं त्यानं सांगितलं आणि हे दोन्ही पिकअपमध्ये घालून घेऊन आले. तासाभरात गल्ली जमली. दोघींची लगेच नावं पडली, मोठी आणि लहानी, जणू घरात सुनाच आल्या होत्या. ज्यानं त्यानं दोन्ही उचलून पाहिल्या. दुचाकीचे चाचपावेत तसे टायर चिमटीनं चाचपले. चार्जिंगवर किती पळते, मागे दुसरा माणूस बसतो का, एवढ्यात तर स्कूटर आली असती, वगैरे. माझे धाकटे दीर शेतावरून मुद्दाम आले होते. त्यांनी दोन्ही सायकलींभोवती फेरी मारली आणि मागे कॅरिअरच नाही तर सोयाबीनचा कट्टा ठेवायचा कुठे, असं मला अगदी काळजीनं विचारलं. मी कसलंच पोतं नेणार नाही म्हटल्यावर त्यांचा सायकलीतला रस संपला.

पहिल्या रविवारी मोठी नेली. हिला जिन्यावरून उतरवायला हे आणि शेजारी असे दोघं लागले. खोटं बोलणार नाही, घाट तिनं असा चढवला की कुणी मायेनं पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटलं. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. वर येईपर्यंत मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण उतरताना गाडीवाटेवर एक कोरडा नाला लागतो, त्याच्या गोट्यांत ती सावकाश आडवी झाली होती आणि मला ती उभी करता करता घाम फुटला होता. बैल बसला की बसला, तसं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

पुढच्या रविवारी लहानी. ती मी एकटीनं, कुणाला हाक न मारता, खांद्यावर घेऊन खाली आणली. तेवढ्यानंच माझा जीव तिच्यावर बसला. नाल्यात ती माझ्या जुन्या सायकलीसारखीच वळली. पण घाटात अर्ध्याच्या वर आल्यावर बॅटरीनं मान टाकायला सुरुवात केली. हिच्यात मोटर हातभार लावते, पण बरंचसं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि ते काम करणारा गुडघा कुरकुरू लागला. त्यात मागे काहीतरी सारखं घुरघुरत होतं. वळून पाहिलं तर आमचे हे पिकअप घेऊन, चारही इंडिकेटर लावून, पहिल्या गिअरमध्ये माझ्यामागे. त्यांच्यामागे एक एसटी आणि दोन ट्रक. मलकापूरला जायला निघालेले लोक समोरून येताना काचा खाली करून बघत होते, वरात कुणाची म्हणून. मी थांबून यांना पुढे जायला सांगितलं. हे म्हणाले, मी कुठं काय बोललो?

शेवटच्या वळणावर बॅटरी संपली. उरलेला चढ मी लहानीला ढकलत चालत आले आणि मागे वरात होतीच.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मोठी घेतली तर घरातून निघताना यांना उठवायचं, लहानी घेतली तर घाटातून यांना बोलवायचं. मोठी खाली दुकानात ठेवावी आणि बॅटरी तेवढी वर न्यावी, हा साधा तोडगा मलाही सुचला होता. पण दुकान म्हणजे यांचं देवस्थान. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम आहे. आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, मालकानंच अनवाणी खाली यायचं, शटरला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग ते उघडायचं. पुन्हा बोहनी झाल्याशिवाय, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक काही घेऊन पैसे गल्ल्यात पडल्याशिवाय, दुकानातली एकही वस्तू बाहेर काढायची नाही. शिवाय ते शटर. ते वर जाताना असं किंचाळतं की तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठतात. त्याला ग्रीस लावा म्हणून मी लग्नापासून सांगते आहे. हे म्हणतात, राहू दे, त्यामुळेच लोकांना कळतं दुकान उघडलं म्हणून.

संभाजीनगरहून फोन आला, कोणती परत पाठवताय? मी लहानी ठेवते म्हटलं. हे ताडकन उठले. मधेच घाटात बंद पडली तर? मी म्हटलं, आणि मोठी दर रविवारी खाली कोण उतरवणार?

"मी आहो ना," हे म्हणाले.

एवढंच म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले, तेही मला दिसत होतं. पण त्या तीन शब्दांनी माझं डोकंच फिरलं.

"तेच तर नाई पाह्यजे मले," मी म्हटलं. "तुमी हाये म्हणून मी जाईन, तुमी उठान तवाच जाईन, असं नाई पाह्यजे. मले माह्या मनानं जायचं हाय अन् माह्या पायानं परत यायचं हाय. नाईतर दोन्ही पाठवून द्या."

हे पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "घाट उतरते तू, अन् ध्यान तिकडंच राह्यते माह्यं. तू वर येईलोक मी फोन हातातून खाली ठेवत नाई. माहीत हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, पण रागही गेला नाही. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं. मी चहा ठेवला आणि दोघांनी प्यायला.

यांनी त्यावर दिवसभर विचार केला. गिऱ्हाइकांशी बोलताना चित्त ठिकाणावर नव्हतं. एकाला तर तीनची मागितल्यावर मुकाट्यानं तीनचीच दिली. संध्याकाळी वर आले ते हायकोर्टाचा निकाल आणल्यासारखे. लहानी परत जाईल, मोठी राहील, ती दुकानात उभी राहील. रविवारी आंघोळ आणि दिवा यांच्याऐवजी मी करायचा. किल्ली माझ्याकडे. शटरला हात लावून कपाळाला लावायचा, सासऱ्यांनी घालून दिलेलं काही मोडायचं नाही.

मी विचारलं, आणि बोहनी?

"गल्ल्यात एक रुपया टाक," हे म्हणाले. "तूच पयलं गिऱ्हाईक. झाली बोहनी. मंग काढ सायकल."

असा माणूस. स्वतःच्या देवाशी तडजोड करील, पण तीन हॉर्सपॉवरवर यायचा नाही. आणि मोठीच बरोबर होती, घाट आणि गुडघा पाहता दुसरं काही चालणारच नव्हतं, याचा मला जास्त संताप आला. नाल्याच्या वाटेला मी रामराम केला. गोट्यांत एकटीनं ती बैलासारखी उठवणं माझ्याच्यानं होणार नाही, हे मी स्वतःला समजावलं. आता जंगलातून अलीकडच्या रुंद पायवाटेनं उतरते. त्या नाल्याची आठवण येते.

नव्या व्यवस्थेचा पहिला रविवार. रविवारी पहाटे आंघोळ करायची म्हणजे माझ्या स्वातंत्र्यालाही सोवळं आलं. दिवा लावला, रुपया मुठीत घेतला, बूट हातात, अनवाणी खाली. शटर वर ढकललं आणि ते असं किंचाळलं की गल्लीतले दिवे लागले. समोरच्या बाईनं गॅलरीतून विचारलं, आज लवकर काऊन? हे वर खिडकीत बनियनवर उभे. सायकल बाहेर काढून शटर ओढते न ओढते तोच लुंगीवर एक शेतकरी आला, दुकान उघडंच आहे तर एक वॉशर द्या म्हणाला. मी त्याला यांच्या हवाली केलं आणि निघाले.

येताना घाटाच्या प्रत्येक वळणावर मी मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. वर येऊन कठड्याशी थांबले, खाली मोताळ्याकडचा सगळा मुलूख उन्हात पसरला होता आणि मी एकटी होते. मला रडू आलं. घरी आले तेव्हा हे गिऱ्हाइकात होते. माझ्याकडे न बघता फक्त विचारलं, बॅटरी किती उरली. मी म्हटलं, पुष्कळ. फोन गल्ल्याशेजारी पालथा पडलेला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा आंघोळ, दिवा, रुपया. शटरला हात लावून कपाळाला लावला. आता पुन्हा ती किंकाळी, पुन्हा त्या बाईचं काऊन, म्हणून मी दात आवळले आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ढकललं. शटर आवाज न करता सरसर वर गेलं. इतकं सहज की माझाच तोल गेला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत वरपासून खालपर्यंत ताजं ग्रीस भरलेलं होतं आणि माझे हात, कपाळ, मुठीतला रुपया, सगळं काळं झालं होतं.

इतकी वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा लावलं नाही, आणि आता लावलं तर सांगायचं तरी! धुतलेल्या हातांचं पार वाटोळं. मी वर पाहिलं. खिडकीत अंधार होता. हे झोपले होते, निदान झोपल्यासारखे पडून तरी होते. मी काळा रुपया गल्ल्यात टाकला, सायकल बाहेर काढली आणि शटर खाली ओढलं. ते आता आवाज करणार नव्हतं हे माहीत असूनही मी ते हळूच ओढलं.