जांभळी लोकर, पिवळी लोकर

आमच्या ह्यांनी आयुष्यभर मका केला. म्हणजे खाल्ला नाही. वाढवला, मोजला, वाळवला आणि त्यावरून भांडले. कृषी विद्यापीठातली नोकरी संपली तेव्हा निरोपसमारंभात मिळालेली शाल त्यांनी कपाटात कोंबली आणि बिस्किटांच्या डब्यात भरून आणलेलं आपल्या एका वाणाचं बियाणं मात्र आमच्या डोंबिवलीच्या फ्रिजमध्ये, माझ्या लोण्याच्या जागी ठेवलं. लोणी तेव्हापासून दारातल्या कप्प्यात राहतं आणि वितळतं.

हे वाण त्यांचं लाडकं, आणि नाकारलं गेलेलं. फार वर्षांपूर्वी निवड समिती आली, एकाच चांगल्या वाफ्यावर फिरली आणि शेजारच्या उंच, जाडजूड कणसाच्या संकरित मक्यावर भाळून निघून गेली. "आंधळे लेकाचे!" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की भिंतींनाही पाठ असेल. ह्यांचं म्हणणं असं की, एका शाळेत पहिला नंबर आणि दुसऱ्या शाळेत नापास, असलं पोर काय कामाचं? काळी माती असो, मुरूम असो, पाऊस जास्त होवो की कमी, सगळीकडे साठ टक्के मिळवणारं पोर खरं. ते म्हणजे आपलं वाण.

मला हे लगेच पटलं. ह्यांच्या बदल्यांपायी मीही गावोगाव लावली गेले होते. कुठे फार फोफावले नाही, पण वाळलेही नाही.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणाली, "सर, तीन वेगवेगळ्या जागी लावून दाखवा. सगळीकडे सारखं आलं, तर पुढच्या हंगामात मी ते सरकारी चाचण्यांत घालते." झालं! त्या रात्री हे जेवले नाहीत. बियाणं म्हातारं झालं होतं. या खेपेला उगवलं नाही तर डब्यासकट विषय संपणार होता, आणि त्यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण डबा उघडून ते बी पुन्हा पुन्हा मोजत बसले, ते मी पाहिलं.

जागा ठरल्या तीन. टिटवाळ्याला माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या बंगलीमागचं परस. माती उत्तम, पाणी भरपूर. शहाडला एका मित्राचा नदीकडचा तुकडा. तिथे पावसात पाणी साचतं आणि चिखलात चपला राहतात. तिसरी जागा आमच्या सोसायटीची गच्ची. तिथे पिंपं मांडली, तेव्हा सेक्रेटरी धावत वर आला. "काकू, लीकेज झालं ना तर टॉप फ्लोअरवाले माझा जीव घेतील!" मी त्याला गरम थालीपीठ दिलं आणि जीव नंतर बघू म्हटलं. हे म्हणाले, "डोंबिवलीच्या हवेत जे तगेल ते कुठेही तगेल."

तुलनेसाठी प्रत्येक जागी बाजारातलं एक नावाजलेलं संकरित वाणही लावायचं होतं. दोन्ही एकाच घराण्यातली, दिसायला चुलत भावंडांसारखी. "पण मी पडलो बाप," हे म्हणाले. "माझ्या डोळ्यांत पाप यायला नको. कुठलं बी कुठे, ते तूच ठरव आणि तूच लाव. मला सांगू नकोस. कणसं वाळून वजन होईपर्यंत अजिबात नाही."

नातवासाठी विणलेल्या स्वेटरची लोकर उरली होती. डोंबिवलीत स्वेटर कोण घालतं? रोपं वर आल्यावर एका वाणाच्या ताटांना मी जांभळी लोकर बांधली, दुसऱ्याच्या ताटांना पिवळी. कुठली कुणाची, ते माझ्या डोक्यात. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला ह्यांच्यापेक्षा जास्त माहिती होती. मी ते सुख पुरवून पुरवून भोगलं.

ऑगस्टमध्ये आम्ही टिटवाळ्याला गेलो. जांभळ्या लोकरीची ताटं डोक्यावर गेली होती, पानं तकतकीत. पिवळ्याची ताटं बेताची. ह्यांनी एका नजरेत निकाल लावला. "बघ! आपलं पोर आपल्याला ओळखू येणार नाही होय?" आणि पोराच्या पाठीवर थाप मारावी तसं त्या जांभळ्या लोकरीच्या ताटाला थोपटलं.

मी पदर तोंडाला लावला. जांभळं बाजारातलं होतं.

पुढे तर मजाच सुरू झाली. शहाडला पाणी साचलं, जांभळं आडवं झालं. "बिचारं! नाजूक आहे. एवढ्या पाण्यात कोण उभं राहील?" शेजारी पिवळं उभं होतं. "तो मठ्ठ आहे. त्याला कशाचंच काही वाटत नाही." गच्चीवर जांभळ्याच्या कणसांत दाणे धड भरले नाहीत, तर दोष पिंपाला, कबुतरांना आणि सेक्रेटरीच्या नजरेला. पिवळ्यानं तिथेही निमूट कणसं धरली. "साधारण आहे," एवढंच हे म्हणाले, आणि पाणी घालताना झारी जांभळ्याकडे कलली. मी ती सरळ केली.

"तुम्हाला पिवळं आवडत नाही का हो?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"अगं, चमक नाही त्यात."

मग गणपती आले. वन्संकडे दीड दिवसाचा असतो. आम्ही तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा वन्संचा कडक नेम. बाजारातल्या भाजीवर त्यांचा विश्वास नाही. "हल्ली ट्रॅक्टरनं नांगरतात, वन्सं," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "ट्रॅक्टर शिंगं काढून आलेला बैलच!" आणि परसातली जमीन तर त्यांच्या सख्ख्या भावानं स्वतःच्या हातांनी कुदळून काढलेली. त्याहून सोवळा मका कुठला? सकाळी आम्ही देवळात गेलो असताना त्यांनी विळा घेतला.

परत आलो तर घरभर भाजीचा वास. अळू, माठ, पडवळ, शिराळी, सुरण, लाल भोपळा आणि मक्याच्या कणसांचे भलेमोठे तुकडे. हे तसेच परसात गेले. जांभळ्या लोकरीची ताटं उभी होती, एकावरही कणीस नव्हतं.

"अरे, मोठी मोठी बघून काढली," वन्सं खुशीत सांगत होत्या. "ती पिवळ्या दोऱ्याची ठेवलीत हो तुझ्या अभ्यासाला. बारकी होती."

ह्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ते हात धुऊन पानावर बसले. पानात भाजी आली. सगळे कणसं चोखत होते, वाहवा करत होते. ह्यांच्या पानातला तुकडा तसाच होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. चष्मा स्वच्छ होता. मला इतकं वाईट वाटलं की वचनबिचन मी चुलीत घातलं.

"खा," मी हळूच म्हटलं. "ते बाजारातलं आहे."

त्यांनी वर पाहिलं.

"जांभळं बाजारातलं. तुमचं पिवळं."

"तो मठ्ठ?"

"तोच. शहाडला उभा राहिला तो, आणि पिंपातही कणसं धरली तो."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या समितीत मी असतो, तर मीही..." आणि वाक्य तिथेच सोडून पानातला तुकडा उचलला. दोन दाणे चावले. "पाणचट आहे," असा निकाल दिला आणि सगळा तुकडा संपवून आणखी मागितला.

वन्संना काहीच कळलं नाही. "आवडलं ना? मग पुढच्या वर्षी जांभळंच जास्त लाव हो."

पिवळी कणसं दिवाळीआधी वाळली. टिटवाळा, शहाड, गच्ची, तिन्हीकडे ताटामागे वजन जवळजवळ सारखं भरलं. जांभळ्याची शहाडला आणि गच्चीवर दैना झालेली, टिटवाळ्याची पोटात गेलेली. तेही ह्यांनी प्रामाणिकपणे फोनवर सांगितलं. विद्यार्थिनी खूप हसली. मग म्हणाली, "सर, बियाणं पाठवा." फोन ठेवून हे गच्चीवर गेले, ते अंधार पडेपर्यंत खाली आले नाहीत. मी बोलवायला गेले नाही.

डबा आता फ्रिजमधून गेलाय. त्याच्या जागी नव्या बियाण्याचा डबा आलाय आणि लोणी दारातच आहे. परवा ह्यांनी लोकरीचे गुंडे माझ्यासमोर ठेवले. "या खेपेलाही तूच बांध. आणि मी काहीही बडबडलो, रडलो, तरी सांगू नकोस."

"मागच्या वेळीही सांगणार नव्हते," मी म्हटलं. "पण पानात टाकलेलं मला खपत नाही."