प्रज्वलच्या मोबाइलचं कुलूप

हुडकेश्वरच्या आमच्या खोलीत भांडी साचली की नाइलाजाने घासावी लागत. किस्से मात्र कितीही साचले तरी कोणी हात लावत नसे. ऐकायला माणूसच रिकामा नसायचा! आता तुम्ही सापडलात, तर बसा.

खोलीत मी आणि वैभव. वरच्या मजल्यावर पारशिवनीचा प्रज्वल, एकटा. जेवायला तो खाली यायचा. तिघंही बीए शेवटच्या वर्षाला.

*

मानसशास्त्राच्या मॅडमनी ग्रुपवर एक फॉर्म टाकला. विषय, इंटरनेटची सवय आणि स्वतःवरचा ताबा. "दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाल्या.

वैभव दुपारी जेवून भरायला बसला. चौथ्या प्रश्नावर मध्येच एक रील आली. पाचवा प्रश्न त्याने दिवेलागणीला वाचला. प्रश्न होता, "ठरवल्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही ऑनलाइन राहता का?"

वैभवने 'कधीच नाही'वर बोट ठेवलं. मी बघितलं तर म्हणाला, "काहून, रोज थोडीच ठरवतो मी?"

*

मला तीन दिवस ताप होता. स्टेटस टाकलं, एक्केचाळीस जणांनी बघितलं. वैभवने शेजारच्या पलंगावरून थर्मामीटर तोंडात धरलेल्या अस्वलाचं स्टिकर पाठवलं.

आमच्या पलंगांमध्ये एक बादली मावेल एवढीच जागा. घसा बसला होता, म्हणून त्याला टाइप केलं, "पाणी दे ना बे." दोन निळ्या खुणा आल्या. पाणी मिळालं ते प्रज्वल जेवायला खाली आल्यावर.

आता हसतो. तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडलो होतो.

*

मग प्रज्वलने नियम काढला. जेवताना तिघांचे मोबाइल तांदळाच्या डब्यात.

पहिल्या दिवशी काय बोलावं तेच कोणाला सुचेना. वैभवने लोणच्याच्या बरणीवरचं लेबल मोठ्याने वाचून दाखवलं. ते संपल्यावर प्रज्वलने मला विचारलं, "तुले भाऊबहीण कोणी आहे का गा?"

"दोन वर्षांनी विचारून राहिला?"

"विषयच नाही निघाला कधी."

चौथ्या दिवशी वैभव ताट घेऊन पलंगावर गेला. नियम मोडला तो मोडलाच.

*

मॅडमनी वर्गात उपाय सांगितला होता. ज्या ॲपमध्ये वेळ जातो त्याला कुलूप लावायचं, पिन मित्राने टाकायचा आणि मालकाला सांगायचा नाही. दसऱ्याच्या सुमारास प्रज्वलचा पिन मी टाकला.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला तो माझ्या पलंगावर येऊन बसला. "पिन दे ना गा. दहाच मिनिटं."

"नाही."

मग वाद. वादातून गप्पा. त्याचा काका पेंचच्या जंगलात जिप्सी चालवतो. समोरून वाघ गेला आणि मागची पाहुणी मंडळी रेंज शोधत होती, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसलो. मग चहा. मग तो वर जायचा.

हे रोज, सातला. दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. लोक म्हणत, मित्राच्या भल्यासाठी किती कडक राहतो हा. कसलं भलं! पिन दिला तर उद्यापासून हा जेवणापुरताच खाली येईल, एवढीच भीती होती. साडेसहापासूनच मी जिन्याकडे कान लावून बसायचो.

*

फेब्रुवारीत त्याच्या मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो त्याच ॲपवर आले. परीक्षेमुळे त्याला जाता आलं नव्हतं. "एकवेळ पाहू दे ना गा," तो म्हणाला.

मला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या करमणुकीसाठी आपण याचं घर कुलपात ठेवलं! उद्यापासून सात वाजले काय आणि न वाजले काय, असं मनाला बजावून मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि पिन टाकला.

चुकीचा.

सावकाश, एकेक आकडा बघत परत टाकला. चुकीचा.

"'पिन विसरलो' दाबून बदलवला मी तो," प्रज्वल खाली बघत म्हणाला.

"कधी?"

"दिवाळीतच."

"मंग रोज मले मागत काहून होता बे?"

त्याने मोबाइल घेतला, न उघडताच खिशात टाकला. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला आणि थांबला.

"उद्या येऊ ना गा, सातले?"